वीस जणींचं जर्मन

राजाभाऊ चांदोरकर कागद फाडत होते. आधी उभा, मग आडवा, मग पुन्हा उभा. तुकडे इतके बारीक व्हायला हवे होते, की जिन्याखालच्या निळ्या डब्यात ते कुणाच्या हाती लागले तरी एक शब्द जुळू नये. जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या त्या इमारतीत त्यांच्या रद्दीत कुणाला रस असण्याचं काही कारण नव्हतं. तरी त्यांनी जिन्यावर कान दिला, कुणी येत नाही असं पाहिलं आणि मूठभर चुरा डब्यात सोडला.

फ्राऊ हाउग यांच्या पत्राचं उत्तर आजही गेलं नव्हतं.

पत्र येऊन महिना उलटला होता. रोज सकाळी नाश्त्यानंतर राजाभाऊ उत्तर लिहायला बसत. दुपारी वाचून पाहिलं की ते त्यांना खोटं वाटू लागे. कुठे काय खोटं, हे बोट ठेवून दाखवता येत नसे. वाक्यं व्यवस्थित असत, व्याकरण चोख असे, आणि तेच त्यांच्या अंगावर येई. मग संध्याकाळी, शोभनाताई फिरायला गेल्या की, ते जिना उतरून निळ्या डब्यापाशी येत.

फ्राऊ हाउग यांनी लिहिलं होतं ते मात्र अगदी साधं होतं. ज्या ऑनलाइन दुकानावर त्यांचा माल विकला जाई, त्याने त्यांचं पान बंद केलं होतं. पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहून घेतल्याचा ठपका होता. ‘मी कुणालाही एक पैसा दिलेला नाही,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘पण वीस बायकांनी एकाच आठवड्यात जवळजवळ एकच गोष्ट लिहिली आहे, आणि त्यांची नावं मला वाचतासुद्धा येत नाहीत. ती तुमच्याकडची असावीत असं वाटतं. हेर चांदोरकर, ही माणसं खरी आहेत का? तुम्हाला ठाऊक असेल तर कृपा करून दोन ओळी लिहा. गावातलं दुकान बंद झाल्यापासून आमचा सगळा धंदा त्या एका पानावर आहे.’

माणसं खरी होती. एकेकीला राजाभाऊ ओळखत होते. अडचण एवढीच होती, की त्या वीसच्या वीस जणींचे अभिप्राय त्यांनी स्वतः लिहिले होते.

झालं होतं ते असं. आल्बच्या डोंगरातल्या एका खेड्यात फ्राऊ हाउग आणि त्यांचे भाऊ पत्र्याचं एक हातयंत्र बनवत. उकडलेली सफरचंदं, टोमॅटो त्यात घालायचे, मूठ फिरवायची, खाली गाळलेला गर पडतो. शोभनाताईंचं पुण्याहून आणलेलं पुरणयंत्र गंजून गेल्यावर त्यांनी हे घेतलं. पण त्याच्या जाळीची भोकं मोठी. डाळीचे कण पुरणात राहायचे आणि पोळी लाटताना फुटायची. राजाभाऊंनी उभा जन्म मोटारींच्या कारखान्यात ड्रॉइंग बोर्डापुढे काढलेला. त्यांनी बारीक भोकांच्या जाळीचं मापात ड्रॉइंग काढलं आणि पत्रासोबत कारखान्याला पाठवलं. उत्तर येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. आली ती थेट जाळी, फुकट, आणि सोबत चिठ्ठी: आपली हरकत नसेल तर आम्ही ही जाळी यंत्राबरोबर विकू इच्छितो.

मग गुढीपाडव्याला मराठी मंडळात शोभनाताईंनी वीसेक बायकांना त्यावर पुरण करून दाखवलं. सगळ्यांनी यंत्रं मागवायचं ठरवलं. शोभनाताई म्हणाल्या, बाईने आपल्यासाठी एवढं केलं, चार चांगले शब्द लिहा गं तिच्या पानावर. तेव्हा सगळ्या जणी राजाभाऊंकडे वळल्या.

“काका, जर्मनमध्ये काय लिहायचं? तुम्हीच लिहून द्या ना. आम्ही नुसतं चिकटवतो.”

राजाभाऊंनी आधी आढेवेढे घेतले. पण रात्री दिवा लावून बसले तेव्हा त्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं, की आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गद्याला मागणी आली आहे. मंडळाच्या कार्यक्रमात ते नेहमी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसत. चारचौघांत बोलायची वेळ आली की उठून बाहेर जात. पण कागदावर! त्यांनी विसांसाठी वीस लिहिले. लताच्या तोंडी तिच्या सासूबाई घातल्या. सुलेखाला दोन मुलं, म्हणून तिच्या अभिप्रायात मुलांनी बोटं चाटली. मूठ किती हलकी फिरते हे प्रत्येकीने आपापल्या परीने सांगितलं. आणि मजकूर संपला की सहीच्या वर, आपण मराठीत ‘कळावे’ लिहितो त्या सवयीने, त्यांनी विसांच्या खाली एकच शब्द लिहिला: होखआख्टुंग्सफोल. अत्यंत आदरपूर्वक. ते जर्मन शिकले त्या काळी पत्राचा शेवट असाच करायचा असतो, असं पुस्तकात होतं.

पुढे कधीतरी पान बंद झालं आणि फ्राऊ हाउग यांचं पत्र आलं. राजाभाऊंनी ते शोभनाताईंना दाखवलं नाही. उत्तर लिहून टाकतो, मग सांगतो, असं म्हणता म्हणता महिना गेला. ज्याने वीस जणींच्या नावाने लिहिलं, त्याचं एकविसावं पत्र कुणी खरं का मानावं, या एका प्रश्नापाशी प्रत्येक मसुदा अडत होता.

शनिवारी कौमुदी आली. ती त्यांची एकुलती एक मुलगी, म्युनिकला नोकरीला. तिची कंपनी ऑनलाइन दुकानांना खोटे अभिप्राय हुडकून देई. हे काम नेमकं काय असतं, याची राजाभाऊंनी कधी चौकशी केली नव्हती. आज ताटात पहिली पुरणपोळी पडते न पडते तोच ते म्हणाले,

“काय गं, हल्ली कामाचं कसं काय?”

शोभनाताईंनी तव्यावरून मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

“चाललंय,” कौमुदी म्हणाली. “एका हेडफोनवाल्याने चिकार रिव्ह्यू विकत घेतले होते. पकडला.”

“पण कळतं कसं तुम्हाला? कोण खरं, कोण खोटं?”

“आल्झो, म्हणजे असं बघा बाबा, खोटं लिहिणारे फार चांगलं लिहितात. स्वच्छ, सुबक. खऱ्या माणसाला घाई असते, नाहीतर तो वैतागलेला असतो. चुका करतो. आणि चुका प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. वीस माणसं एकसारखं बरोबर लिहायला लागली, की आमचं सॉफ्टवेअर जागं होतं.”

राजाभाऊंनी पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तसाच ताटात ठेवला.

“समजा, माणसं खरी आहेत. वस्तूही खरोखर घेतली आहे. फक्त लिहून दुसऱ्याने दिलंय. तर?”

“तर खोटंच.”

“मजकूर खरा असला तरी?”

“ज्याने लिहिलं त्याने वापरलं नाही, ज्याने वापरलं त्याने लिहिलं नाही. मग खरं काय राहिलं?” कौमुदी हसली. “तुम्ही कधीपासून रिव्ह्यू वाचायला लागलात? परवा ऑफिसात असतात तर खूप हसला असता. एका केसमध्ये सगळ्या रिव्ह्यूंच्या खाली सही आहे. सही! रिव्ह्यूच्या खाली! आणि तीही होखआख्टुंग्सफोल. मार्टिन म्हणतो, कुणीतरी शंभर वर्षांचा म्हातारा सर्व्हरमध्ये कोंडून ठेवलाय.”

शोभनाताई हसल्या नाहीत. त्यांना तो शब्द ठाऊक होता. घरातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली तो त्यांनी पाहिला होता.

“कुठल्या वस्तूचे होते गं ते?” राजाभाऊंनी विचारलं.

“माझी केस नाही ती, मी नुसतं कँटीनमध्ये ऐकलं. स्वयंपाकघरातलं काहीतरी...” कौमुदी बोलता बोलता थांबली. तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ताटातल्या पोळीकडे. “बाबा. पुरण?”

राजाभाऊंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“नाइन,” कौमुदी म्हणाली. “नाही, नाही, नाही. बाबा!”

मग सगळं बाहेर पडलं. राजाभाऊंनी आतल्या खोलीतून फ्राऊ हाउग यांचं पत्र आणलं आणि मुलीपुढे ठेवलं. तिने वाचलं, आईला मराठीत सांगितलं. शोभनाताईंनी गॅस बंद केला.

“महिना झाला?” त्या म्हणाल्या. “एक महिना ती बाई तिकडे वाट बघत बसलीय, आणि तुम्ही मला बोलला नाहीत?”

“उत्तर लिहीतच होतो.”

“लिहीतच असता तुम्ही.”

“कौमुदी, तू जर तुझ्या त्या मार्टिनला सांगितलंस, की ही सगळी खरी माणसं...”

“मी काहीही सांगणार नाही,” कौमुदी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “म्हणजे सांगणार आहे, सोमवारी, बॉसला, की त्यात माझे आईवडील आहेत आणि त्या केसला मी हात लावणार नाही. मला कळलंय म्हटल्यावर एवढं सांगावंच लागतं. बाकी काही करू शकत नाही मी. तुमची मुलगी आहे म्हणून तर अजिबातच नाही.”

“बरोबर आहे तुझं.”

“बाबा, असं पडेल तोंड करू नका ना.” तिचा आवाज जरा खाली आला. “हे बघा. त्या बाईला अपील करता येतं. प्रत्येक गिऱ्हाइकाने लिहून द्यायचं, स्वतः, यंत्र घेतलं का, कसं वाटलं. पावती जोडायची. सगळं तिच्याकडे पाठवायचं, ती पुढे पाठवेल. कुणीतरी दुसरं माणूस ते वाचेल.”

“मी आजच लिहून काढतो. प्रत्येकीला एक छोटा नमुना...”

माय-लेकी दोघींनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं.

“तुम्ही आता लिहायचं नाही,” शोभनाताई म्हणाल्या. “जिचं ती लिहील. मीसुद्धा.”

“तू? जर्मनमध्ये?”

“का? चाळीस वर्षं राहतेय इथे. माझं जर्मन तुम्हीच बोलत आलात म्हणून मला येत नाही असं नाही. डॉक्टरकडे दुखतं मला, आणि कुठे दुखतं ते सांगता तुम्ही.”

कौमुदीने तुपाच्या वासाचं निमित्त करून खिडकी उघडली.

रविवारपासून शोभनाताईंनी फोन सुरू केले. राजाभाऊ शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसत. पान उलटत नसे. फोन स्पीकरवर असे, कारण शोभनाताईंना तो कानाला लावून एका जागी बसवत नसे.

“अगं पण काकू, माझं जर्मन म्हणजे डेअर, डी, डास, तिन्ही लिंगं एकच,” लता म्हणत होती. “काकांनी किती छान लिहिलं होतं. आणि खरं सांगू का, माझ्या सासूबाई तर त्याला हातही लावत नाहीत. काकांनी उगाच त्यांना कौतुक करायला लावलं.”

“मग तसंच लिही.”

“सासूबाई हात लावत नाहीत असं?”

“तुला जे सांगायचंय ते लिही. पाच ओळी लिही, पण तुझ्या.”

कुसुमचा फोन लांबला. ती आधी हवापाण्याचं बोलली, मग मुलीच्या शाळेचं, मग एकदम म्हणाली,

“काकू, रागावू नका. मी यंत्र घेतलंच नाहीये. लताकडे बघितलं होतं. सगळ्या टाकत होत्या, मलाच मागे राहिल्यासारखं वाटलं. काकांनी लिहून दिलंच होतं, मग टाकलं.”

शेजारच्या खोलीत राजाभाऊंनी पुस्तक मिटलं. म्हणजे एक खरोखरच खोटा होता. आपण तो इतका नेटका लिहिला होता, की त्यात आणि बाकीच्यांत आपल्यालाही फरक सांगता आला नसता. ते उठले, व्हरांड्याच्या दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

“अहो, येरझाऱ्या घालू नका,” पलीकडून शोभनाताई म्हणाल्या. “खालच्या बाई छताला काठी लावतील.”

“कुसुमचं काय करायचं?”

“काय करायचं म्हणजे? ती लिहील, की मी घेतलं नव्हतं. सांगितलंय तिला.”

“त्याने फ्राऊ हाउग यांचंच नुकसान होईल.”

“आणि नाही लिहिलं तर?”

राजाभाऊंनी मिटलेलं पुस्तक फळीवर नेऊन ठेवलं.

आठवडाभरात कागद येऊ लागले. कुणी हाताने लिहिलेले, कुणी छापलेले, सुलेखाने तर मुलांच्या शाळेच्या वहीच्या पानावर. सगळे चांदोरकरांच्या पत्त्यावर, एकत्र पाठवण्यासाठी. राजाभाऊंनी ते एकदा वाचले. क्रियापदं भलत्याच जागी येऊन उभी होती. एकीने डाळीसाठी शब्दच मिळाला नाही म्हणून पिवळं चित्र काढलं होतं. एकीला जाळी आवडली होती पण ती धुताना बोट कापलं होतं. दोघींनी मूठ जड असल्याची तक्रार केली होती. विभावरीने लिहिलं होतं, की पोळ्या बिघडल्या, पण तो यंत्राचा दोष नसावा. राजाभाऊंचा हात दर ओळीला खिशातल्या पेनाकडे जाई. शेवटी शोभनाताईंनी सगळा गठ्ठा उचलून आपल्या कपाटात साड्यांखाली ठेवला.

त्यांनी स्वतःचं पत्र सगळ्यांच्या शेवटी लिहिलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, डावा हात कागदावर आडवा धरून, परीक्षेत शेजारच्याने बघू नये म्हणून मुली धरतात तसा. राजाभाऊ पाणी प्यायला म्हणून दोनदा आत येऊन गेले.

“मनगटाला काय म्हणतात हो?” शोभनाताईंनी वर न बघता विचारलं.

“हांटगेलेंक. का?”

“असंच.”

“डास. डास हांटगेलेंक. नपुंसकलिंगी.”

“असेल.”

राजाभाऊंनीही त्या दुपारी आपल्या दोन ओळी लिहिल्या. फ्राऊ हाउग यांनी दोनच मागितल्या होत्या. आधीचे वीस अभिप्राय मी लिहिले होते, हे सोबतचे त्यांनी स्वतः लिहिले आहेत. उशिराबद्दल क्षमा असावी. या वेळी त्यांनी त्या पुन्हा वाचून पाहिल्या नाहीत.

शोभनाताईंनी सगळे कागद एका मोठ्या पाकिटात घातले, पावत्या जोडल्या, आपला कागद सगळ्यांच्या वर ठेवला आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं.

“चिकटवलं नाहीये. वाचायचं तर वाचा. दुरुस्त करायचं नाही.”

“नाही वाचत.”

“वाचाल तुम्ही.”

टपालाची पिवळी पेटी चौकात, बसथांब्याशेजारी होती. दिवसाचं शेवटचं टपाल निघायला अजून वेळ होता. राजाभाऊ थांब्याच्या बाकावर बसले. बस आली, दार उघडलं, चालकाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि बस गेली. मग त्यांनी पाकिटातून वरचा कागद काढला.

पहिल्याच शब्दाचं लिंग चुकलं होतं. बोटं आपोआप खिशाकडे गेली, टोपण निघालं. दुसऱ्या ओळीत क्रियापद नव्हतंच. शोभनाताईंचं जर्मन मराठीत आणायचं तर साधारण असं होतं:

‘हा मशीन चांगला आहे. पुरण बारीक होतो. मूठ जड आहे, आधीचा कागदावर हलका लिहिलं ते खरं नाही. माझा मनगट दुखतो, डॉक्टर माहीत नाही, माझा नवरा पण माहीत नाही. म्हणून मी डाळ करतो आणि नवरा फिरवतो. नवरा घरात पुस्तक वाचतो, बोलत नाही. मशीन फिरवताना बोलतो. लहानपणचा बोलतो, आईचा बोलतो, एकदा गाणं पण. मी होळी नसला तरी पुरण करतो. चार स्टार. मूठ बरा केला तर पाच, पण फार बरा नको, मग मला मी फिरवायला लागेल.’

राजाभाऊंनी ते पुन्हा वाचलं. या वेळी पेन घेऊन नाही. पेन कधीतरी मांडीवरून घसरून बाकाखाली गेलं होतं आणि त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. एक सायकलवाली आली, पेटीत कार्ड टाकलं, त्यांना ‘ग्र्यूस गॉट’ म्हणाली आणि निघून गेली. उत्तर द्यायचं त्यांना भान राहिलं नाही.

त्यांनी कागद होता तसा घडीवर घडी बसवून आत ठेवला. पाकिटाच्या कडेला जीभ लावली, अंगठ्याने दोनदा दाबून पाहिली. मग उठून पेटीपाशी गेले, झाकण वर केलं आणि पाकीट आत सोडलं.